महिनाभर मोठ्यानं वाचलं. आता प्रश्न असा, की आमची माणसं कुठे लिहिलेली सापडतील?

सिस्टर, नगर

सर्वांना सलाम.

मी नगरची. प्रसूतीच्या वॉर्डात ३१ वर्षं नर्स होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यंदा राखेच्या बुधवारी ठरवलं, की ईस्टरपर्यंत संध्याकाळी टीव्ही लावायचा नाही. दोन दिवस घर अगदी मुकं वाटलं. तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "मग वाच की कायतरी मोठ्यानं. कान हायेत अजून." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८७, काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली आहे. पवित्र शास्त्र आम्ही रोज सकाळी वाचतोच, म्हणून संध्याकाळसाठी दुसरं काहीतरी हवं होतं. वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आणलं. पूर्ण, जाडजूड.

लक्ष्मीबाईंचा एक धडा शाळेत होता, त्यापलीकडे मी काही वाचलेलं नव्हतं. दर रविवारी उपासना संगीतातून त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांची गीतं म्हणायची, खाली त्यांचं नाव छापलेलं असायचं, आणि त्या नावामागे केवढं घर होतं याचा पत्ताच नव्हता. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेणारे लक्ष्मीबाईंचे वडील, कोवळ्या वयात झालेलं लग्न, आणि नवरा असा की हातात पैसा आला की रस्त्यात भेटेल त्याला देऊन मोकळा. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ही बाई माहेरच्यांत एकटी पडली. काही वर्षांनी त्यांच्याकडे परत आली तरी आपलं सोवळं आणि आपली चूल तिनं बराच काळ वेगळी ठेवली. मग जातपात ही माणसांचीच करणी आहे, हे तिच्या मनानं घेतलं आणि तिनं ते सोडलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतः विचार करून. तो भाग मी वाचला तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "परत वाच तेवढं."

हसलोही खूप. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत इतकं हसावं का, असं मी एकदा विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "देवानंच दिलंय हसू." 'स्मृतिचित्रे' १७ दिवसांत संपलं आणि त्या रात्री दोघींनाही करमेना.

नंतर बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन'. १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. खरं सांगते, त्यातली उपदेशाची पानं आमच्याच्यानं पुढे सरकेनात. पण यमुना आणि विनायक गावोगाव जातात आणि एकेक विधवा भेटते, ते प्रसंग मनातून जात नाहीत. वपनाचं, म्हणजे विधवेचं डोकं भादरण्याचं वर्णन वाचताना आत्याबाईंनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला, ते मी पाहिलं.

मग पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्त, १८८९ चं. तिथल्या बायका एकत्र येऊन संस्था कशा चालवतात हे त्या भरभरून सांगतात. पण तिथल्या मूळ रहिवाशांवर आणि काळ्या माणसांवर झालेला अन्यायही झाकून ठेवत नाहीत. ज्यांच्या मदतीवर आपलं काम उभं राहायचं आहे त्यांनाही खरं सुनावायचं, याला मोठी छाती लागते. रमाबाईंबद्दल माझ्या मनात आधीपासून आदर होता, आता त्यांच्याबद्दल प्रेम वाटतं.

शेवटी पाळकसाहेबांनी त्यांच्याकडचं 'ख्रिस्तपुराण' दिलं. फादर स्टीफन्सचं, १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेलं. तिथे मात्र आम्ही विसाव्या ओवीलाच अडकलो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. झावळ्यांच्या रविवारी उपासनेहून आलो. जेवताना आत्याबाईंनी विचारलं, "ही सगळी मोठ्या घरची माणसं. शिकलेली. आपली कुठंयत?"

माझे पणजोबा राहुरीकडच्या एका मांगवाड्यातले. आत्याबाईंचं माहेरही तसंच. आमची बहुतेक मंडळी महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतूनच प्रभूकडे आली. हे मी चारचौघांत पहिल्यांदाच लिहिते आहे. टिळक पतिपत्नी राहुरीला राहत होते तेव्हा माझ्या पणजोबांच्या वयाची माणसं त्याच रस्त्यांवरून चालत असणार, त्याच बाकांवर बसत असणार. लक्ष्मीबाई सोवळं सोडून आमच्या पंगतीत येऊन बसल्या, ते त्यांनी लिहिलं आणि आज महाराष्ट्र ते वाचतो. पंगतीत आधीपासून जे बसलेले होते, त्यांना त्या दिवशी काय वाटलं? त्यांनी ते कुठे सांगून ठेवलंय का? मला लक्ष्मीबाईंशी भांडायचं नाही, त्या माझ्या आवडत्या झाल्या आहेत. पण आत्याबाईंना उत्तर द्यायचं आहे. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा. आणि 'ख्रिस्तपुराण' कसं वाचायचं, तेही.

---

विश्वासी

ताई, सलाम. तुमचं वाचन स्तुत्य आहे, पण शेवटच्या भागानं मन दुखावलं. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे आपण लहानपणापासून पाठ केलं आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जे मागे टाकलं ते मंडळीत परत कशाला आणायचं? माझ्या आईवडिलांनी आम्हाला जात कधी सांगितली नाही, ती त्यांची कृपाच मानतो. मुलांपुढे असे विषय काढू नयेत असं मला मनापासून वाटतं.

---

निवृत्त शिक्षक, सातारा

नमस्कार सिस्टर. मी ख्रिस्ती नाही, पण मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला. वर्गात 'स्मृतिचित्रे'तला उतारा वाचताना माझाच आवाज कापायचा. शाळेत न गेलेल्या आणि लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या बाईनं १९३४ पासून चार भागांत असं मराठी लिहावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आत्याबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे एक उत्तर आहे. ते अवघं काही पानांचं आहे, पण ते ऐकल्यावाचून त्यांना राहू देऊ नका. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकाच्या दोन अंकांत एक निबंध छापला गेला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता, मांग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. 'ज्ञानोदय' तर तुमच्या नगरचंच रोपटं, १८४२ मध्ये तिथेच लावलेलं. पुढे रेव्हरंड टिळकही त्याचे संपादक झाले. म्हणजे ज्या नियतकालिकाशी टिळकांचं नाव जोडलं आहे, त्याच नियतकालिकात त्यांच्या जन्माआधी तुमच्या वाड्यातली मुलगी लिहून गेली होती.

तो निबंध ख्रिस्ती मुलीचा म्हणून वाचू नका, मांगवाड्यातल्या मुलीचा म्हणून वाचा. इमारतींच्या पायात माणसं गाडली गेली त्याबद्दल ती लिहिते, वेदांवर हक्क सांगणाऱ्यांना प्रश्न विचारते, आणि शेवटी आपल्या लोकांना शिकायला सांगते. पुस्तकांत आणि इंटरनेटवर तो सहज मिळतो. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या प्रशिक्षणात नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या सिंथिया फरार यांचा वाटा होता, तेव्हा नगरचा धागा इथेही आहे.

विश्वासी यांना एवढंच सांगतो. आईवडिलांनी तुम्हाला जात सांगितली नाही, त्यामागे त्यांचं दुःखही असेल. ते झाकलेलं राहावं की उघडावं, हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. सिस्टरांनी त्यांच्या घरापुरतं ठरवलेलं दिसतं.

---

वसईचा

देव बरें करूं, सिस्टर. आमचा इतिहास तुमच्याहून वेगळा. आमचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. वसई १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, तरी आमची गावं ख्रिस्तीच राहिली. आमच्या कुपारी समाजाच्या बायाबापड्यांचंही त्या काळचं पुस्तक नाही. जे होतं ते गाण्यात होतं. माझी आजी लग्नाच्या आदल्या दिवसापासून कादोडीत, म्हणजे आमच्या बोलीत, गाणी म्हणायची. पाण्याला जाण्याची वेगळी, हळदीची वेगळी, नवरीला निरोप देण्याची वेगळी. ती ख्रिस्तवासी झाली तेव्हा मी २६ वर्षांचा होतो. त्यातलं एकही गाणं मी लिहून घेतलं नव्हतं. पुढे मावशीकडून ११ गाणी मिळवली, त्यातली चार अर्धवट आहेत. म्हणून हात जोडून सांगतो, आत्याबाई समोर बसल्या आहेत तोवर वही उघडा. पुस्तक शोधणं नंतरही होईल.

आता 'ख्रिस्तपुराण'. तुम्ही ते डोळ्यांनी वाचत असाल, म्हणून अडलात. ते ओवीत आहे, म्हणून मोठ्यानं, चालीवर म्हणा. गोव्यात ते देवळांत वाचून दाखवलं जायचं, लोक ऐकायला बसायचे. शब्द ओळखीचे वाटत नाहीत, कारण मूळ छपाई रोमन लिपीतली होती आणि त्यात कोकणीचाही वास आहे. 'विश्व'चं 'विस्व', 'परमेश्वर'चं 'परमेस्वर' होतं. दहा-बारा ओव्यांत कान सरावतो. सुरुवात पैल्या पुराणापासून करू नका. दुसरं पुराण घ्या, त्यात प्रभूचा जन्म आहे आणि कथा तुम्हाला पाठ असल्यानं शब्द आपोआप उलगडतील. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो तेव्हा दचकू नका. परक्या देशातून १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या माणसानं इथल्या लोकांना समजावं म्हणून इथलेच शब्द घेतले. आपली भाषा फुलांत मोगरी आणि सुगंधात कस्तुरी, असं त्यानं ज्या मायेनं म्हटलंय ती पानं तेवढी आधी काढून वाचा. मला तर दर वेळी डोळ्यांत पाणी येतं.

---

केडगावची पणती

सिस्टर, तुमची पोस्ट मी ऑफिसातून घरी येताना लोकलमध्ये वाचली आणि उतरायचं स्टेशन चुकलं.

माझी पणजी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंबरोबर आली. तिला स्वतःचं गाव सांगता येत नव्हतं, फक्त नदीचं नाव सांगता यायचं. केडगावच्या मुक्ती सदनात ती वाढली आणि पुढे तिथल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना समजावं म्हणून. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. ते छापलं मुक्तीतल्या मुलींनी आणि बायकांनी.

आमच्याकडे त्याची एक प्रत आहे, पाठीची शिवण सुटलेली. माझी आई ती उघडून म्हणायची, यातली काही पानं आजीच्या आईच्या हातची. कुठली, ते कुणालाच सांगता येत नाही. पणजीनं स्वतःचं एक वाक्यही लिहून ठेवलं नाही. पण एकेक खिळा उचलून तिनं शास्त्र उभं केलं. तुमच्या आत्याबाईंना हे सांगाल का? आपली माणसं पुस्तकात नसली तरी पुस्तकाला त्यांचे हात लागलेले आहेत.

आणखी एक करून पाहा. तुमच्या मंडळीची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं असतील तर पाळकसाहेबांना विचारा. नाव, बापाचं नाव, गाव, धंदा, एवढं जरी मिळालं तरी ते खूप असतं. मी माझ्या आजोबांची ओळ अशाच एका रजिस्टरात बोट ठेवून वाचली आहे. 'धंदा' या रकान्यात 'दोर वळणे' असं लिहिलं होतं.

---

सिस्टर, नगर

उत्तर द्यायला नऊ दिवस लागले. ईस्टरच्या गडबडीत घर पाहुण्यांनी भरलं होतं, माफ करा.

विश्वासी भाऊ, तुमचं मन दुखावलं याचं मला वाईट वाटलं आणि मी त्यावर प्रार्थनाही केली. जे वचन तुम्ही लिहिलंत त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मत्तयाचं शुभवर्तमान पहिल्याच अध्यायात नावं मोजत बसतं. त्यात तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे. कुठलीही मंडळी लपवून ठेवेल अशा बायकांची नावं प्रभूच्या वंशावळीत उघड लिहिली आहेत. प्रभूला त्यांची लाज वाटली नाही. मग मला माझ्या पणजोबांची का वाटावी? तुमच्या आईवडिलांनी जे केलं ते प्रेमानं केलं, यात शंका नाही. मी सांगते आहे तेही प्रेमानंच.

वसईच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे 'ख्रिस्तपुराण' चालीवर म्हणून पाहिलं. माझ्या गळ्यात ओवी नीट बसेना. आत्याबाई म्हणाल्या, "आण, मला सांग शब्द." आणि मी सांगेन ती ओळ त्यांनी जात्यावरच्या चालीत उचलली. जातं घरातून जाऊन ४० वर्षं झाली असतील, चाल मात्र जागची हललेली नव्हती. रोज दहा ओव्या होतात. 'विस्व' आता आम्हाला खटकत नाही.

केडगावच्या ताई, तुमच्या पणजीची गोष्ट सांगितली. आत्याबाईंनी आमचं शास्त्र मागून घेतलं आणि उघडून पानावरून बोटं फिरवत बसल्या. रजिस्टरासाठी पाळकसाहेबांशी बोलले आहे. ते म्हणाले, कपाट उघडून पाहू, वाळवीनं काय ठेवलंय ते.

आता मुक्ताबद्दल. गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू? शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी तो निबंध वाचायला घेतला. आत्याबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मध्ये ती मुलगी लिहिते, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं. मी तिथेच थांबले. ३१ वर्षांत किती बाळंतपणं हातांखालून गेली त्याची मोजदाद नाही. पावसात ट्रॅक्टरवरून आलेल्या बाया पाहिल्या, उसाच्या फडातून कोयता ठेवून थेट आलेल्या पाहिल्या, रिक्षातच मोकळ्या झालेल्या पाहिल्या. शाळेत जाणाऱ्या मुलीला १८५५ मध्ये नेमकं हेच सांगावंसं वाटलं. तिनं कुणाचं तरी बाळंतपण पाहिलंच असणार, त्याशिवाय असं लिहिता येत नाही. वॉर्डात गेल्या गेल्या मी नवीन मुलींना सांगायचे, आधी बाईच्या अंगावर पांघरूण घाला, मग केसपेपर भरा.

मी थांबले तशा आत्याबाई बोलायला लागल्या. लग्न होऊन मी या घरात आले त्याला ३५ वर्षं झाली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. माझे यजमान त्यांचं दुसरं मूल. पहिली मुलगी होती. आत्याबाई तेव्हा १८ वर्षांच्या, मालकाच्या मळ्यावर कामाला. पाऊस होता, कोपीत गुडघाभर पाणी, म्हणून सासूनं त्यांना गोठ्यात नेलं. मालकीणबाईंना कळलं तर ओरडतील म्हणून कंदील लावला नाही. अंधारात गव्हाणीला धरून त्या बाळंत झाल्या. मुलगी तीन दिवस जगली. पाळक दुसऱ्या गावी होते, ते पोचायच्या आत ती गेली. म्हणून तिचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

मी विचारलं, "नाव काय ठेवलं होतं?"

म्हणाल्या, "मनात ठेवलं होतं. मार्था."

माझे यजमान ६३ वर्षांचे आहेत. त्यांना आपल्याला मोठी बहीण होती हे त्या रात्री कळलं. ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांच्यामागे गेले नाही, आत्याबाईंजवळच बसून राहिले.

रविवारी दुपारी मी २०० पानी वही आणली. वसईच्या भाऊंचा शब्द मानून मी सुरुवातीलाच विचारलं, कुठून लिहू? मला वाटलं माहेर सांगतील, लग्न सांगतील. त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं. आतापर्यंत सात पानं झाली आहेत. पहिली ओळ अशी आहे :

"मपली पयली लेक मार्था, पावसाळ्यात झाली, तवा गोठ्यात दोन बैल व्हते आन् एक गाय."